माध्यान्हीचं दार

दुपारी बाराच्या सुमारास माझ्या फोनवर रोज एक सूचना यायची: मुख्य दार उघडे आहे. थोड्या वेळाने तीच पुन्हा यायची, या वेळी लाल अक्षरांत. मी तेव्हा हैदराबादमधल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत वेबसाइटच्या बातम्या लावत असायची. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने पहिल्यांदा घाबरून विचारलं होतं, घरात कुणी शिरलं की काय. नंतर त्याला सवय झाली. माझ्या फोनवर लाल अक्षरं दिसली की तो म्हणायचा, चला, बारा वाजले.

दार माझी आई उघडायची. आम्ही तिला अव्वा म्हणतो.

शहराच्या पश्चिमेला नव्याने उभ्या राहिलेल्या उंच इमारतींपैकी एकीत माझं घर आहे. दाराला आकड्यांचं कुलूप आहे. दार लोटलं की ते आपोआप लागतं. अडवून ठेवलं तर आधी शिट्टी वाजते, मग फोनवर सूचना जाते. अव्वा दाराला वरवंटा लावायची. गाव सोडताना तिने तवा, परात आणि हा पाटा-वरवंटा एवढं सामान हट्टाने आणलं होतं. मिक्सरमधली शेंगाची चटणी तिला चालत नाही. वरवंट्याचा असाही उपयोग होईल, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

आमचं गाव गाणगापूर. दत्त रोज दुपारी गावात भिक्षेला येतो, कुठल्या रूपात ते कुणाला सांगता येत नाही, असं तिथे मानतात. म्हणून बाहेरून आलेले भाविकही दुपारी झोळी घेऊन पाच घरी भिक्षा मागतात आणि गावातल्या घरांमध्ये बाराच्या आधी भाकरी बाजूला काढलेली असते. आलेल्याला कोण, कुठला, असं विचारत नाहीत. परत पाठवत नाहीत.

आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग. घरातलं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. आळंदकडचे नातेवाईक अव्वाला टोमणे मारायचे की, तो आपला देव नव्हे, तू कशाला त्याच्यासाठी भाकरी थापतेस. अव्वा म्हणायची, देव कुणाचा का असंना, उभा तर माझ्याच दारात राहतोय. वडिलांचं देवळाच्या वाटेवर माळा, नारळ, पेढे आणि तसबिरींचं दुकान होतं. दुकानाच्या मागे भाड्याच्या दोन खोल्या. त्यातल्या पुढच्या खोलीचं दार रस्त्यावर उघडायचं आणि त्या दारात बसून अव्वाने संसार केला.

भिक्षा मागायला येणाऱ्यांत पुण्या-सोलापूरकडची चांगली शिकलेली, गाडीतून आलेली माणसं असायची. त्यांना मागायची सवय नसे. झोळी पुढे करून ती गप्प उभी राहत, नाहीतर पुटपुटत. अव्वा त्यांची थट्टा करायची.

"मागायला आलाव न्हवं? मग मोठ्यानं मागा की. मला ऐकू आलं पायजे."

ती माणसं हसत आणि मग मोठ्याने मागत. दारातून एक भाकरी गेल्याशिवाय अव्वा जेवत नसे. गावात हा नियम म्हणून कधी जाणवलाच नाही, कारण तिची शेवटची भाकरी तव्यावर असतानाच पहिली कुणाच्या तरी झोळीत पडलेली असे.

वडील गेल्यावर घरमालकाने दुकान आणि खोल्या पाडून लॉज बांधायचं ठरवलं. त्याने आमच्याशी वाईटपणा केला नाही. मुदत दिली, सामान हलवायला माणसंही दिली. मी एकुलती एक मुलगी. अव्वाला हैदराबादला घेऊन आले.

शहराने तिला घाबरवलं नाही. बिदर-कलबुर्गीकडच्या माणसाला हैदराबाद परकं नसतं. भाजीवालीशी ती दखनीत बोलायची. इथे लोक गोंगुरा म्हणून जी पालेभाजी चवीने खातात ती आपली अंबाडीच आहे, हा शोध लागल्यावर तिने एका आठवड्यात ती इतक्यांदा केली की मला नको म्हणावं लागलं. कुलपाचे आकडे तिने लगेच पाठ केले. व्हिडिओ कॉल करायला शिकली आणि बहिणीला तिच्या स्वयंपाकघरातला कचरा दाखवून द्यायला लागली. लिफ्टमध्ये मजल्यांचे आकडे इंग्रजीत सांगणारा एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आहे. अव्वा त्याला उत्तर द्यायची. एकदा मला म्हणाली, "हिला दुसरं कायबी बोलायला येत न्हाई बघ. सासूपुढं उभी असल्यागत."

अडचण फक्त दुपारची होती.

पहिल्याच दिवशी तिने भाकरी केल्या, एक बाजूला काढली, दार उघडून आत पाटावर बसली. समोर बंद दारं, मधे चकचकीत फरशी, कोपऱ्यात कॅमेरा. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी मी आल्यावर तिने जेवणाचं काही सांगितलं नाही. गोळीच्या पाकिटावरून मला कळलं, तिने मधुमेहाची गोळी वेळेवर घेतली होती; खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, जेवली होती ती चहाच्या वेळेला.

तिने स्वतःच चौकशी केली. खाली जाऊन फाटकावरच्या वयस्कर पहारेकऱ्याला विचारलं, इथे दुपारचं मागायला कुणी येत नाही का. त्याने समजावून सांगितलं. फाटकावर येणाऱ्याची नोंद टॅबवर होते, घरातल्या माणसाने फोनवर होकार दिला तरच आत सोडतात. होकार द्यायला येणाऱ्याचं नाव लागतं, काम लागतं.

"अम्मा, मंगनेवाले कू अंदर छोड़े तो मेरी नौकरी जाती," तो म्हणाला होता.

मी पर्याय सुचवले. घरकामाला येणाऱ्या बाईंना भाकरी दे. अव्वा म्हणाली, त्यांना देतेच, पण ते वेगळं. त्यांचा तो हक्क आहे. पहारेकऱ्याला दे. ती एकदोनदा ताट झाकून खालीही गेली. त्याने घेतलं, पण तिचं समाधान झालं नाही. देणाऱ्याने शोधत फिरायचं नसतं, ताट घेऊन माणूस हुडकायचा म्हणजे भिक्षा वाढणं नव्हे, असं तिचं म्हणणं. माणूस आपल्या उंबऱ्याशी यायला पाहिजे. माझ्या घराला उंबराही नाही. दाराखाली स्टीलची एक पट्टी आहे. अव्वा तिलाच उंबरा म्हणायची आणि पाय न लावता ओलांडायची.

मी तिला नियम सोडायला सांगितला. तिने वाद घातला नाही आणि नियमही सोडला नाही. थोडी वाट बघते आणि जेवते, एवढंच म्हणायची. ते थोडं किती, हे माझ्या फोनवर यायचं. दार उघडं राहिल्याच्या सूचना लांबत जायच्या. इमारतीच्या ग्रुपवर तक्रारही आली: अमुक मजल्यावर दार रोज उघडं असतं आणि शिट्टी वाजत राहते.

एका दुपारी सूचना थांबेचनात. मी फोन केला, तिने उचलला नाही. पुन्हा केला. पहारेकऱ्याला वर पाठवलं. दार उघडंच होतं. अव्वा दाराजवळ पाटाच्या बाजूला कलंडली होती. घामाघूम, डोळे अर्धे मिटलेले. शेजारी झाकलेली भाकरी. त्याने समोरच्या घराची घंटा वाजवून साखरेचं पाणी मागवलं आणि ते तिला पाजलं. मी पोहोचेपर्यंत ती उठून बसली होती आणि पहारेकऱ्याला जेवून जा म्हणत होती. डॉक्टरांनी सांगितलं की गोळी घेऊन उपाशी राहणं या वयात चालणार नाही, पुढच्या वेळी शेजारी घरात असतीलच असं नाही.

त्यानंतर मी जे केलं ते अवघड नव्हतं. दुपारी कुणीतरी दारात यायला हवं होतं. या शहरात कुणालाही दारात आणायची एक पद्धत आहे. मी कचेरीतून रोज बाराच्या आधी घरपोच सामान देणाऱ्या ॲपवर काहीतरी किरकोळ मागवायला लागले. मिठाची पुडी, आगपेट्या, साबण. सामान आणणाऱ्यासाठी सूचना लिहायची जागा असते. तिथे लिहिलं: दारात आई भाकरी देईल, कृपया नाही म्हणू नका. होकारासाठी फाटकावरची विचारणा माझ्याच फोनवर यायची. मी तो द्यायची.

अव्वाला ही सामान पोचवणारी माणसं आहेत हे दिसत होतं. तिचं त्याने काही अडलं नाही. आपापल्या कामाने का होईना, बाराला दारात माणूस आला होता, आणि आलेल्याला ती काही विचारत नव्हती. ती भाकरी पुढे करायची. ते घ्यायचे.

पुढचे काही आठवडे घरातलं वातावरण बदललं. मी संध्याकाळी आले की अव्वा त्या दिवशीच्या माणसाबद्दल सांगायची. एकाने भाकरी दारातच उभं राहून खाल्ली आणि चटणी पुन्हा मागितली. एकाने बायकोला दाखवायला म्हणून फोटो काढला. एकाचा रोजा होता, तर तिने भाकरी फडक्यात बांधून दिली आणि संध्याकाळी सोडताना खा म्हणून सांगितलं. तो कुठल्या गल्लीत राहतो हेही तिला ठाऊक होतं. तिने विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं होतं. माझ्या फोनवर सूचना एकदाच यायची आणि बंद व्हायची. अव्वाच्या तपासण्यांचे आकडे सुधारले. सामान बंद पिशवीत यायचं आणि अव्वा ती न उघडता माझ्या खोलीत ठेवून द्यायची; त्यातल्या पुड्या आणि साबण मी कपाटात कपड्यांच्या मागे ठेवत होते.

मग औरादकडचा एक माणूस आला. चाळिशीचा असेल. तो तेलुगू-हिंदीत बोलायला लागला आणि अव्वाच्या तोंडून गेलं, घे बाबा, गरम हाय. तो मराठीत हसला. दोघं बोलत उभी राहिली. गाव कुठलं, पीक कसं, इकडे कधी आला. हे सगळं मला पुढे अव्वाकडूनच कळलं. ती त्याला म्हणाली की बघ, एवढ्या उंचावर, बंद फाटकाच्या आत, रोज बाराला कुणीतरी माझ्या दारात येतंय. त्याला ते सांगण्यात काही वावगं वाटलं नसणार. तो म्हणाला, अव्वा, तुमच्या लेकीनंच लिहून ठेवलंय न्हवं, भाकर देतील, न्हाई म्हणू नका म्हणून. आमच्यात समद्यांना ठावं हाय ह्यो पत्ता. दुपारची ह्या घरची ऑर्डर आली की पोरं भांडतात.

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा जेवणाच्या टेबलावर मिठाच्या पुड्या मांडलेल्या होत्या. बाजूला साबण, आगपेट्या. अव्वा खुर्चीत बसली होती.

"एवढं मीठ कुणाला लागतंय, माय?"

मी सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती ऐकत होती. चिडलेली नव्हती. मी म्हणाले, तू उपाशी राहत होतीस.

"व्हय. ते खरं हाय."

तिने टेबलावरच्या पुड्या एका रांगेत लावल्या.

"मागणारा आपल्या पायानं येतोय. तू बोलावून आणलीस. बोलावला की त्यो पाव्हणा झाला. पाव्हण्याला आत घ्यावं, पाट द्यावा, बसवून वाढावं. आन् मी काय केलं? एवढ्या पाव्हण्यांना दारात उभं करून हातावर भाकर ठेवली."

मी म्हणाले, त्यांना वाईट वाटलं नाही, ते आनंदाने घ्यायचे.

"तू न्हाई म्हणू नका म्हणून सांगितलीस. त्यांनी काय करावं मग?"

ती उठली आणि पुड्या एकेक करून स्वयंपाकघरातल्या फळीवर लावायला लागली. वाया घालवायचं नाही, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजून गेले आणि फोनवर सूचना आली नाही. शेजारच्या सहकाऱ्याने घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी घरी फोन केला.

"जेवलीस?"

"जेवले."

"कुणी आलं होतं?"

"दार लावलंय."

वरवंटा परत पाट्यावर गेला. अव्वा वेळेवर जेवायला लागली. गोळी, जेवण, दुपारची झोप. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी तिचं कौतुक केलं. ती घरात कमी बोलायला लागली. लिफ्टमधल्या आवाजाला उत्तर देणं थांबलं. बहिणीचा व्हिडिओ कॉल आला की फोन टेबलावर टेकवून ठेवायची आणि समोरून उठून जायची. बहीण रिकाम्या खुर्चीशी बोलत राहायची. औरादचा तो माणूस एकदा खाली भेटला. त्याने मला विचारलं की आजी बऱ्या आहेत ना, आता ऑर्डर का येत नाही. मी म्हणाले, बऱ्या आहेत.

थंडीत तिने गाणगापूरला जाऊन येऊ म्हटलं. मी रजा घेतली. कलबुर्गी मागे टाकून गाडी पुढे निघाली तशी ती खिडकीशी बसली. शेतांत तुरी वाळत आल्या होत्या. तिने कुठल्या शेतात शेंगा भरल्यात आणि कुठल्या नाहीत ते सांगायला सुरुवात केली. मी बऱ्याच दिवसांनी तिचं सलग बोलणं ऐकत होते. गाणगापूर रोड स्टेशनला उतरून जीपने गावात गेलो आणि देवळापासून लांब, नदीच्या वाटेवरच्या एका लॉजमध्ये खोली घेतली. ती जागा तिनेच दाखवली होती. आमच्या जुन्या जागेवरचं लॉज नको, म्हणाली.

सकाळी दर्शन झालं. बाराच्या आधी तिने एका दुकानातून भगवी झोळी घेतली आणि खांद्याला अडकवली. मला वाटलं, माझ्यासाठी घेतली असेल. गाणगापुरात जन्म काढून अव्वाने कधी झोळी घेतली नव्हती. ती वाढणाऱ्यांतली होती. मी विचारलं तर म्हणाली, "मला आता इथं दार न्हाई. मग काय करू?"

ती पुढे आणि मी मागे. पहिल्या घरापाशी पुण्याकडच्या एका कुटुंबाची रांग होती. अव्वा त्यांच्या मागे उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिने झोळी पुढे केली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. दारातल्या तरुण सुनेने हसून सांगितलं, मोठ्यानं मागा की मावशी, ऐकू येईना. अव्वाने तिच्याकडे वर पाहिलं. मग मोठ्याने मागितलं. झोळीत भाकरीचा तुकडा पडला. दुसऱ्या घरी भात मिळाला, तिसऱ्या घरी पुन्हा भाकरी.

चौथं दार आमचं होतं. म्हणजे त्या जागेवरचं. काचेचा दरवाजा, आत ग्रॅनाइटचं काउंटर, भिंतीवर खोल्यांचे दर. अव्वाने काचेबाहेर उभं राहून मागितलं. काउंटरवरचा माणूस उठून बाहेर आला. सभ्य होता. म्हणाला, स्वयंपाक फक्त खोलीवाल्यांसाठी असतो, भिक्षा इथे देत नाही. अन्नदानासाठी काही द्यायचं असेल तर हा कोड स्कॅन करा. कोड काउंटरच्या पुढच्या बाजूला चिकटवलेला होता. साधारण तिथेच आमची चूल होती. अव्वाने कोडाकडे पाहिलं, त्याला नमस्कार केला आणि पुढे झाली. त्या माणसाला की कोडाला, ते मला कळलं नाही.

पाचव्या घरातल्या बाईने तिला ओळखलं. आमची जुनी शेजारीण. दोघींनी अनेक वर्षं एकमेकींच्या दारातून मीठ-मिरची नेलेली. ती भाकरी घेऊन आली, झोळी पाहिली, मग तोंड पाहिलं.

"अक्का? तुमी? आगं बया, दारात कामून उभ्या? आत या, पाट मांडते, जेवून जा."

अव्वा जागची हलली नाही.

"बोलवू नको. बोलावलीस तर पाव्हणी व्हते मी. मागायला आलेय. वाढ."

शेजारीण हातात भाकरी घेऊन उभी राहिली. मागे रांगेतली माणसं थांबली होती. तिने पदर डोळ्यांना लावला, आत गेली, भाकरीवर चटणीचा गोळा ठेवून आली आणि वाकून झोळीत घातली.

संगमावर औदुंबराखाली बसून आम्ही ते खाल्लं. वेगवेगळ्या घरांच्या भाकरी, भात, चटणी, सगळं एकत्र झालेलं. अव्वा सावकाश जेवली. शेजारणीची भाकरी तिने अर्धी मला दिली आणि चटणी चाखून म्हणाली, हिची अजून खारटच. संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत निघालो. तिथेच खोली घेऊन राहावं असं वाटतं का, मी गाडीत विचारलं. ती म्हणाली, एकटीला कोण ठेवून घेतंय, आणि साखर कमी झाली तर कोण बघणार. ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही.

आता त्यालाही बराच काळ झाला. अव्वा माझ्याकडेच आहे. दुपारी माझ्या फोनवर काही येत नाही. भाकरी करताना मात्र तिच्या हातून एक जास्त होते. ती जास्तीची भाकरी ती तव्यावर वाळवून कडक करते आणि डब्यात ठेवते. आमच्याकडे कडक भाकरी पंधरा-पंधरा दिवस टिकते. डबा भरला की मी कचेरीत नेते. ज्या सहकाऱ्याला माझ्या फोनवरून बारा वाजल्याचं कळायचं, तो ती चहाबरोबर खातो आणि चांगली आहे म्हणतो.

गेल्या आठवड्यात मी रिकामा डबा परत आणला. अव्वाने तो उघडून पाहिला, कडेचे कण बोटाने गोळा केले.

"त्यांनी मागितली का, तूच दिलीस?"

मी खरं ते सांगितलं.

"मीच दिली."

"बरं," ती म्हणाली आणि डबा घासायला घेतला.